चौथी जागा

स्वामी मॅडम कुठल्याही खोलीत सरळ शिरत नसत. उंबऱ्यावर थांबायच्या. एकदा वर बघायच्या, एकदा शेजारी, एकदा स्वतःच्या पायाशी आणि शेवटी लांब, पार पलीकडच्या कोपऱ्यात. मग आत पाऊल. स्टाफरूम असो, प्राचार्यांची केबिन असो, नाहीतर कुणाच्या घरचं बारसं असो. त्यांच्या मागं चहाचा कप घेऊन ताटकळत उभं राहायची पाळी माझ्यावर दहा वर्षं आली आणि दर वेळी माझा चहा बशीत सांडला.

"मॅडम, आत काय वाघ बसलाय का?" मी वैतागून विचारायचो.

"बसला असला तर आधी कळाया नको का, कुलकर्णी सर?" हे त्यांचं उत्तर. वर हसणं नाही, काही नाही.

लातूरच्या एका खासगी आयटीआयमध्ये त्या वायरमनचा वर्ग घ्यायच्या आणि मी ड्रॉइंग शिकवायचो. म्हणजे पोरांना पेन्सिलीला टोक कसं करायचं हे शिकवता शिकवताच माझं वर्ष सरायचं. महानंदा स्वामी हे त्यांचं पूर्ण नाव, मूळच्या जळकोटच्या. अंगानं काडी, पण आवाज दोन वर्ग ओलांडून जाणारा. कपाळाला भस्माची पट्टी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि टेस्टर अंबाड्यात. हो, टेस्टर. बायका फूल माळतात तिथं ह्यांचा पिवळ्या मुठीचा टेस्टर. नवीन पोरं पहिल्या दिवशी खुसूखुसू हसायची. दुसऱ्या दिवशी हसायची हिंमत कुणाची होत नसे.

"बघितलं म्हणू नको, बघ." हे त्यांचं वर्गातलं पालुपद. पोरगं म्हणायचं, "मॅडम, स्विच बंद हाय, बघितलं म्या." मॅडम म्हणायच्या, "तोंडाला काय, तोंड काय बी बोलतं. पुन्हा बघ." घाई करणाऱ्याला म्हणायच्या, "लई घाई असंल तर घरी जा. खांब उद्या बी तिथंच उभा राहतो. तू राहशील का?"

ह्या पालुपदामागं काय आहे ते मला कळलं नांदेडहून परतताना, एसटीत. नांदेडला शिक्षकांसाठी एक प्रदर्शन भरलं होतं, त्याला आम्ही दोघं गेलो होतो. तिथं एका टेबलाशी कॉलेजची पोरं डोक्याला काळा डबा बांधून हवेत हात मारत होती. डब्यात भुतं दिसत होती म्हणे, आणि ही त्यांना बंदुकीनं मारत होती. मी तर हसून पुढं निघालो. मॅडम मात्र रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तशी पदर खोचून त्यांनी डबा डोक्याला बांधला, भुतांकडं ढुंकून पाहिलं नाही, मान वर करून आभाळ पाहिलं, खाली वाकून जमीन पाहिली, आणि डबा काढून त्या टेबलामागच्या माणसाला विचारलं, "ह्याच्यात खांब घालता येतो का?"

तो बिचारा बघतच राहिला.

एसटी लोह्याच्या पुढं आल्यावर मॅडमनी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. त्यांचे यजमान ठेकेदाराच्या हाताखाली वायरमन होते. हदगाव तालुक्यात एका खेड्यात खांबावर चढले. लाईन वरून बंद केलेली होती. पण शिवारात पलीकडं लग्नाचा मांडव होता, मांडवामागं जनरेटर. तो कुणीतरी चालू केला आणि त्याचा करंट उलटा तारेत आला. सगळं एका क्षणात आटोपलं. हातातला कागद म्हणजे ठेकेदाराच्या चौकशीची नक्कल. मॅडमनी ती मला वाचायला दिली नाही, न बघता म्हणून दाखवली: "सदर मयताने काम सुरू करण्यापूर्वी आजूबाजूची पाहणी केली नव्हती."

"फार वाईट झालं," मी म्हणालो.

"मला रडू येत न्हाई आता सर. राग येतो," त्या म्हणाल्या. "तार अर्थ करायची, म्हंजे जमिनीला जोडायची साखळी ठेकेदाराच्या गाडीतच राहिली व्हती, ते सोडा. पण डोळे तर ह्यांचे व्हते ना? एक नजर टाकली असती मांडवाकडं तर? एक नजर! तेवढी बी माझ्यासाठी टाकली न्हाई."

नवरा गेला तेव्हा बाईचं वय तिशीच्या आत. लेकरूबाळ नव्हतं. माहेरच्यांनी सांगितलं, शिवणक्लास काढ. ह्यांनी आयटीआयला नाव घातलं, तेही वायरमनला. पोरांच्या वर्गात एकटी बाई. पुढं शिकवायचा कोर्स केला आणि आमच्याकडं आल्या. नवऱ्याला ज्या खांबानं नेलं तो खांब ह्या बाईनं आयुष्यभर सोडला नाही. माझ्या हातून एक बी पोरगं न बघता तारेला हात लावणार नाही, एवढाच त्यांचा हट्ट.

प्रदर्शनानंतर दोन वर्षं मॅडमनी संस्थेला अर्ज केले. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. बंद तारेवर शिकवलं तर पोरांना भीती कळत नाही, आणि चालू तारेवर शिकवलं तर पोरगं हातचं जातं. ह्या डब्यात मात्र पोरगं मेलं तरी डबा काढून परत बाकावर येऊन बसतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्ज. प्राचार्य मला म्हणायचे, "कुलकर्णी, तुमच्या मैत्रिणीला आवरा." मी कशाला आवरतोय! आवरून त्या आवरल्या असत्या तर ना.

शेवटी चार चष्मे आले. डोक्याला पट्ट्यानं बांधायचे, डोळ्यांपुढं काळं डबडं. त्यांच्यासोबत पुण्याहून निनाद नावाचा एक इंजिनियर आला, दाढी राखलेला, बोलायला गोड. त्यानं समजावून सांगितलं. चष्म्याच्या बाहेरून चार कॅमेरे आहेत, ते खोलीच्या भिंती आणि आपले हात बघतात, म्हणून आपण मान वळवली की आतलं जगही वळतं. आणि आतल्या बाजूनं बारीक कॅमेरे आहेत, ते आपले डोळे बघतात. आपण कुठं बघतोय त्या जागी बाहेरच्या टीव्हीवर हिरवा ठिपका दिसतो.

"म्हंजे पोरगं कुठं बघून राहिलंय ते मला कळंल?" मॅडमनी विचारलं.

"अगदी बरोबर कळेल."

"खोटं बोललं तरी?"

"तोंड खोटं बोलेल मॅडम. डोळे नाही."

बाईंच्या तोंडावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू पाहिलं.

वापरायच्या आधी चष्म्याला आपल्या डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते. आत एक ठिपका उमटतो, त्याच्याकडं टक लावून बघायचं, मान हलवायची नाही. मग तो दुसरीकडं उमटतो. प्राचार्यांचे डोळे पळाले. माझे चार वेळा पळाले. पुढचा ठिपका कुठं येतो ह्याची मला आधीच उत्सुकता. निनादलाही दुसऱ्या खेपेला जमलं. मॅडमनी चष्मा चढवला आणि पहिल्या खेपेत काम फत्ते. निनादनं विचारलं, हे कसं काय? मॅडम गळ्यातल्या डबीला हात लावून म्हणाल्या, "रोज सकाळी लिंग तळहातावर घेऊन बघत बसते. ते हालत न्हाई, मी बी हालत न्हाई. सवय हाय."

निनादनं बनवून आणलेल्या देखाव्यात मात्र गुळगुळीत रस्ता, सरळ खांब आणि हिरवळ होती. मॅडम पाच मिनिटांत बाहेर आल्या. "हे कोण्या मुलखातलं गाव हाय? आमच्याकडं खांब वाकडा असतो बाबा. त्याला बाभळ टेकलेली असती, आकडे टाकलेले असतात, खाली म्हैस बांधलेली असती." मग सुरू झालं. रोज सकाळी निनादला फोटो आणि आवाजी निरोप. तीन महिन्यांत त्या पोरानं हुबेहूब मराठवाड्याचं शिवार उभं केलं. म्हैस आली, बाभूळ आली, चहाची टपरी आली, आणि खांबावर चढलेल्या पोरानं तारेला हात लावायच्या आधी बघायच्या चार जागा आल्या. पहिली वर, स्विच उघडा आहे का. दुसरी शेजारी, आडवी जाणारी दुसरी तार. तिसरी कमरेपाशी, अर्थिंगची साखळी बसली का. चौथी लांब खाली शिवारात, मांडवामागचा जनरेटर. बघितलेल्या जागेवर टीव्हीत हिरवी खूण यायची, न बघितलेल्या जागेवर लाल. चौथी जागा पाठ होऊ नये म्हणून ती दर खेपेला बदलती ठेवायला लावली. कधी जनरेटर धूर सोडतोय, कधी बंद, कधी त्याला झेंडूची माळ, कधी नाही.

त्या मांडवाचे फोटो मॅडमनी कुठून आणले ते मी विचारलं नाही.

चार हिरव्या खुणांशिवाय प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही नाही, हा त्यांचा कायदा झाला. संस्थेचे सचिवसाहेब एकदा बघायला आले. म्हणाले, आम्हीही चढून बघतो. चढले. आम्ही सगळे टीव्हीसमोर. साहेबांचा हिरवा ठिपका स्विचकडं गेला नाही, तारेकडं गेला नाही, खालच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला तो हलेचना. खाली उतरून साहेब म्हणाले, "सगळं बारकाईनं बघितलं बरं का मॅडम." मॅडम म्हणाल्या, "हाव साहेब, बघितलं ते दिसलं आम्हाला. चहा मागवू का?" मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळालो.

आणखी एक फजिती सांगतो. वर्षअखेरीला तपासणी यायची होती म्हणून प्राचार्यांनी हौसेनं चष्म्यांची खोली रंगवून घेतली. तक्ते काढले, कॅलेंडर काढलं, चारी भिंती पांढऱ्याशुभ्र. तपासणीवाल्यांपैकी एकानं चष्मा बांधला आणि ओरडायलाच लागला, "अहो, खांब चाललाय! खांब आभाळात चाललाय!" शिवार तरंगतंय, म्हैस भिंतीत घुसतेय. प्राचार्य घामाघूम. मॅडमनी तिथल्या तिथं निनादला फोन लावला. तो म्हणाला, भिंतीवर काहीच नसेल तर चष्म्याला कळत नाही तो कुठं आहे. त्याला धरायला काहीतरी खूण लागते.

फोन ठेवून मॅडम माझ्याकडं वळल्या. "सर, तुमच्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिका उरल्यात ना?"

उरल्या होत्या, दीडशेच्या वर. हिशेब चुकला होता माझा, आणि घरात त्यावरून रोज ऐकून घ्यायचो. मी धावत आणल्या. मॅडमनी त्यातली एकच ठेवून बाकी परत केल्या. "सगळ्या एकसारख्या नको, यंत्र येड्यात निघंल. एकेकानं घरातली एकेक आणा." त्या सीझनला कुणाच्या घरात पत्रिकांचा ढीग नव्हता? तासाभरात त्या पांढऱ्या भिंतींवर लातूर जिल्ह्यातली निम्मी लग्नं लागली. तऱ्हेतऱ्हेचे गणपती, मोर, कलश. खांब जागेवर आला, म्हैस दावणीला आली. भिंतीला रंग कामून दिला म्हणून मॅडम प्राचार्यांना तपासणीवाल्यांदेखत बोलल्या, ते वेगळंच.

हे सांगायचं कारण, यंत्र आपल्यामुळं चुकू शकतं हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी पुढचं घडलं.

नसरीन बिलोलीची. आमच्या आयटीआयच्या इतिहासात वायरमनला आलेली पहिली पोरगी. मॅडमचा तिच्यावर भारी जीव, म्हणून तिला बोलणी सगळ्यात जास्त. हाताला चलाख, तारेची गाठ अशी मारायची की पोरं बघत राहायची. दिसायला सावळी, आणि डोळ्यांत ठसठशीत काजळ. तिची दादी घरी दिव्यावर काजळ धरायची. त्याची छोटी पितळी डबी नसरीनच्या दप्तरात कायम. कमरेकडं बघायला मान वाकवावीच लागते, पण पोरं लांब शिवारात बघतानाही सगळी मान वाकवायची. नसरीन मॅडमसारखी बघायची, मान ताठ आणि नुसते डोळे खाली. मॅडमना तिच्या ह्या गोष्टीचं मोठं कौतुक.

पण चौथ्या जागेवर तिची खूण लालच यायची. पहिली हिरवी, दुसरी हिरवी, तिसरी हिरवी, चौथी लाल. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"मॅडम, अल्लाकसम, बघितलं मी."

"बघितलं म्हणू नको, बघ."

तेवढ्यात तिचं अप्रेंटिसशिपचं पत्र आलं. नांदेडला सोमवारी हजर व्हायचं, आणि त्याआधी प्रात्यक्षिकाच्या वहीवर मॅडमची सही हवी. शुक्रवार उजाडला, सही नाही. तिचे अब्बा बिलोलीहून आले, हात जोडून उभे राहिले. प्राचार्य म्हणाले, द्या हो, एवढी हुशार पोरगी. मीही बोललो. बोललो म्हणजे भांडलोच.

"मॅडम, चौऱ्याहत्तर पोरांत एक पोरगी आली आणि तिलाच तुम्ही अडवताय? दगड आहे तुमचं काळीज."

"हाव, हाय दगड," त्या म्हणाल्या. "सही करते मी, नि उद्या तिचा बाप माझ्यासारखा कागद पर्समध्ये घेऊन फिरंल. चालंल का तुमाला?"

मी मनात राग ठेवला, खोटं का बोलू?

शनिवारी सकाळी शेवटची खेप. टीव्हीसमोर सगळा वर्ग, मी दाराशी. नसरीननं चष्मा बांधला, चढली, बघितलं. चौथी जागा लाल.

पोरीनं चष्मा काढला आणि तिचा बांध फुटला. रडत रडत ओरडली, "मॅडम, मी बघितलं! आज जनरेटर बंद व्हता! आज माळ न्हवती! मागच्या बारीला धूर व्हता, आज धूर न्हवता! मी न बघता कसं सांगते मग?"

मॅडमनी हातातल्या टॅबवर त्या खेपेची नोंद उघडली. आज जनरेटर बंद होता. माळ नव्हती. धूर नव्हता.

मॅडमनी टॅब खाली ठेवला, पोरीजवळ गेल्या. तिचं काजळ गालावर ओघळलं होतं. स्वतःच्या पदरानं पुसायला गेल्या, ते आणखीच पसरलं. "जा, तोंड धुऊन ये," म्हणाल्या. ती साबणानं तोंड धुऊन आली. "पुन्हा चढ." ती चढली, बघितलं. चारी खुणा हिरव्या.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य आत येऊन म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं सगळं. करा मॅडम सही." दुसरी कुणी असती तर सुटकेचा श्वास टाकून सही करून मोकळी झाली असती. मी तर नक्की झालो असतो. मॅडमनी सही केली, पण त्यांचं लक्ष सहीत नव्हतं.

"मघाशी बी तिनं बघितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मंग यंत्र न्हाई का म्हणालं?"

"जाऊ द्या ना मॅडम. झालं ना आता?"

"झालं कसं? नसरीन, तुझी काजळाची डबी दे."

कुणाला काही कळेना. मॅडमनी डबी उघडली, बोट बुडवलं, आणि खिडकीच्या काचेत बघून दोन्ही डोळ्यांत काजळ घातलं. सवय मोडलेली, थोडं बाहेरही लागलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यजमान गेल्यापासून ह्या बाईनं डोळ्याला काजळ लावलेलं नव्हतं. चौदा वर्षं. त्यांचे डोळे कोरे, पोरांचे डोळे कोरे. काजळाचे डोळे ह्या खोलीत एकटी नसरीन घेऊन आली होती, आणि ते कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं.

मॅडमनी चष्मा चढवला. मान ताठ. त्या मोठ्यानं बोलत होत्या आणि आम्ही टीव्हीत बघत होतो.

"स्विच बघून राहिले. उघडा हाय." हिरवी.

"आडवी तार. लांब हाय." हिरवी.

कमरेपाशी मान वाकवून, "साखळी. बसली." हिरवी.

मान पुन्हा ताठ, नुसते डोळे खाली. "आता मांडव. जनरेटर चालू हाय. धूर निघून राहिलाय, काळा धूर. झेंडूची माळ हाय त्याला." टीव्हीत त्यांचा हिरवा ठिपका मांडवाकडं निघाला, पापणी खाली आली तसा अडखळला आणि उडून भलतीकडं, आभाळात गेला. पापणीवरची काजळाची काळी रेघच आतल्या बारीक कॅमेऱ्याला बुबुळ वाटत होती. चौथी जागा लाल.

"मी बघून राहिले," त्या पुन्हा म्हणाल्या. लाल.

"बघून राहिले ना!" लाल.

पण चष्मा काही काढेनात. तशाच उभ्या, हात लोंबलेले, तोंड मांडवाच्या दिशेला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण पोरं अस्वस्थ होऊन माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं झालो आणि हलकेच म्हणालो, "मॅडम, उतरा आता."

त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांतलं काजळ सगळ्या तोंडाला झालं होतं. तशाच त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. "नसरीन, तू बघितलं व्हतंस. सहा बारी बघितलं व्हतंस. मीच तुला बघितलं न्हाई. माझं चुकलं." पोरगी "मॅडम, मॅडम" करत पाया पडायला वाकली, तर तिला दंडाला धरून उभं केलं. मग लगेच निनादला फोन. आजपासून यंत्राच्या खुणेसोबत पोरानं काय बघितलं ते तोंडानं सांगायचं आणि नोंदीशी ताडून बघायचं. दोन्ही मिळून सही. तोंडाचाही मान ठेवायचा, असं स्वतः मॅडम म्हणाल्या. मला वाटलं आपण स्वप्नात आहोत.

नांदेडच्या एका प्रशिक्षण केंद्रानं असेच चष्मे घेतले होते आणि शिकवायला मॅडमना बोलावलं होतं. त्यांचं जायचं ठरलेलंच होतं, ते आता नसरीनसोबत ठरलं. रविवारी दुपारी मी लातूरच्या बसस्थानकावर पोचवायला गेलो. नसरीन तिच्या अब्बांबरोबर बसमध्ये जागा धरायला पुढं गेली. मॅडम आणि मी चहाच्या स्टॉलपाशी.

त्यांच्या डोळ्यांत काजळ होतं. कालचं नाही; आज नीट, रेघ धरून घातलेलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. ते त्यांना कळलं नसेल थोडंच?

"नसरीननं दिली डबी," त्या म्हणाल्या. "नांदेडहून पुढं हदगावला जाणार हाय मी, सर."

चौदा वर्षांत त्या बाजूला त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. "कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी पर्समधून तो प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढला. ह्या वेळी मला वाचायला दिला. मी वाचला, एकच ओळ, त्यांनी म्हणून दाखवली होती तशीच.

"हे ज्यानं लिहिलं तो तिथं न्हवता, सर. ह्यांचे डोळे कुठं गेले ते कुणी बघितलं न्हाई. ह्यांनी बघितलं असंल. तेव्हा जनरेटर बंद असंल. मागून चालू झाला असंल. चौदा वर्षं मी ह्या कागदाचं ऐकलं, नि ज्याच्यासंगं संसार केला त्याच्यावर राग धरला. रोज सकाळी लिंग हातावर घेऊन बसायची नि मनात ह्यांना बोलायची, एक नजर टाकली न्हाईत म्हणून." त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन पर्समध्ये ठेवला. "त्या खांबाखाली जाऊन त्यांची माफी मागायची हाय. दुसरं काय न्हाई."

मला ह्या बाईचा अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही वाटलं. मी फक्त म्हणालो, "मी तुम्हाला दगड म्हणालो होतो."

"म्हणाले व्हते खरं," त्या म्हणाल्या. "चहा सांडून राहिलाय तुमचा."

बस लागली. गर्दी लोटली. मॅडम दारापाशी गेल्या आणि पायरीवर पाय ठेवायच्या आधी थांबल्या. वर बघितलं, शेजारी बघितलं, पायाशी बघितलं. मागं माणसं खोळंबली, कंडक्टर खेकसला, "ओ बाई, चला की आत! काय बघून राहिले?"

"थांबा हो!" मी स्टॉलपासून ओरडलो. इतक्या जोरात की दोघंतिघं वळून बघायला लागले. "बघू द्या त्यांना!"

मॅडमनी मान वळवली. चौथी नजर, ती लांबची, गर्दी ओलांडून पार पलीकडं माझ्यापर्यंत आली. काजळ भरलेले डोळे, अंबाड्यात पिवळा टेस्टर. मी कप घेतलेला हात वर केला.

त्यांनी बघितलं.